स्वीडनचं हार्ड रॉक, ब्लूज आणि मेटल: नवे अल्बम आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मित्र, भाचेकंपनी, ऑफिसमधली नवी पोरं आणि कधीकधी त्या पोरांचे आईवडील, सगळे मला स्वीडनच्या बँडांबद्दल विचारत असतात. 2024 चा उन्हाळा ते 2025 ची अखेर या काळात तिथून एवढं सकस संगीत आलं की तीच उत्तरं फोनवर पुन्हा पुन्हा द्यावी लागली. म्हणून सगळी एका जागी लिहून ठेवतोय. क्रम माझ्या मनाचा आहे. जे जास्त आवडलं त्यावर जास्त लिहिलंय.

वेळ कमी आहे. नव्यातले फक्त तीन अल्बम सांगा.

ओपेथचा ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’, ब्लूज पिल्सचा ‘बर्थडे’ आणि द हॅलो इफेक्टचा ‘मार्च ऑफ द अनहर्ड’. पहिला सलग, दिवे मालवून ऐका. दुसरा स्वयंपाक करताना किंवा गाडी चालवताना ऐकला तरी चालेल. तिसरा मोठ्या आवाजात.

ओपेथच्या नव्या अल्बमचं एवढं कौतुक का झालं?

ओपेथचा गायक मिकाएल ओकरफेल्ट. मेटलमधल्या सर्वांत भारदस्त ग्रोलपैकी एक या माणसाच्या घशात आहे. ग्रोल म्हणजे पोटातून, घसा आकसून काढलेला तो गुरगुरता आवाज. 2008 च्या ‘वॉटरशेड’नंतर ओपेथच्या स्टुडिओ अल्बमवर त्याने तो काढलाच नाही. 2011 च्या ‘हेरिटेज’पासून बँड सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉककडे वळला, आणि जुने चाहते आशा सोडून बसले. 22 नोव्हेंबर 2024 ला ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ आला आणि तब्बल सोळा वर्षांनी तो आवाज परतला.

नुसता आवाज परतला म्हणून मी हा अल्बम डोक्यावर घेतलेला नाही. इथे ग्रोलला काम आहे. गोष्ट पहिल्या महायुद्धानंतरची. एक श्रीमंत कुटुंबप्रमुख वारलाय आणि वाड्यात त्याचं मृत्युपत्र वाचलं जातंय. समोर त्याची जुळी मुलं बसली आहेत, आणि पोलिओ झालेली एक अनाथ मुलगीही, जिला या घराने वाढवलंय. ती इथे का बोलावली गेली, हा प्रश्न जुळ्यांच्या मनात घोळतोय. गाण्यांना नावं नाहीत. मृत्युपत्राच्या कलमांसारखे एक ते सात क्रमांक आहेत. फक्त शेवटच्या आठव्या गाण्याला नाव आहे, ‘अ स्टोरी नेव्हर टोल्ड’. मेलेल्या बापाचा करडेपणा ग्रोलमधून येतो, आणि साध्या गळ्याने गायलेल्या जागा त्याच्या आजूबाजूला उभ्या राहतात. वाटण्या, सावत्रपणा, कोण कुणाचं हे ज्यांनी आपल्या आजोळी कुजबुजत्या आवाजात ऐकलंय, त्यांना हा वाडा परका वाटणार नाही. शेवट सांगत नाही. गाण्यांचे शब्द समोर ठेवून ऐका.

जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडच्या इयन अँडरसनने यात बासरीही वाजवली आहे आणि निवेदनही केलंय. दुसऱ्या कलमात मागचे स्वर ‘युरोप’ बँडच्या जोई टेम्पेस्टचे आहेत. ‘द फायनल काउंटडाउन’ हे 1986 चं गाणं आपल्याकडे लग्नाच्या बँडवाल्यांनाही माहीत असतं, तो गाणारा हाच. नवा ड्रमर वॉल्टेरी व्हॅय्रुनेन फिनलंडचा आहे. त्याच्या हातातला हलकेपणा पाचव्या कलमात नीट ऐका. वाद्यांची गर्दी असूनही प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो.

ग्रोल मला झेपत नाही. मग ओपेथ माझ्यासाठी नाहीच का?

आहे. 2003 चा ‘डॅम्नेशन’ घ्या. त्यात एकही ग्रोल नाही, सगळं शांत आणि उदास. तो पचला की 2001 चा ‘ब्लॅकवॉटर पार्क’. आणि एक सांगतो. 2019 च्या नोव्हेंबरअखेरीस ओपेथ पुण्यात एनएच7 वीकेंडर या संगीत महोत्सवाला आले होते. माझ्या शेजारी एक बाई होत्या, मुलाला घेऊन आलेल्या, कानात कापूस. दोन गाण्यांच्या मध्ये ओकरफेल्ट अगदी हळू आवाजात, शेजारच्याशी बोलावं तसं बोलायचा, आणि पुढच्या क्षणी त्याच तोंडातून तो आवाज निघायचा. चौथ्या गाण्याला बाईंनी कापूस काढला. आवाज कुठून येतोय हे दिसलं की भीती जाते. म्हणून आधी एखादं थेट मैफलीचं चित्रीकरण बघा, मग अल्बम लावा.

गोथेनबर्गचा आणि स्टॉकहोमचा आवाज वेगळा म्हणतात तो कसा ओळखायचा?

आपल्याकडे घराणी असतात तसंच समजा. राग तोच, लगाव वेगळा.

स्टॉकहोमची ओळख म्हणजे सनलाइट स्टुडिओ, निर्माता टोमास स्कोग्सबेरी आणि बॉस कंपनीचं एचएम-2 नावाचं पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारं, पायाने दाबायचं यंत्र. काळ्या रंगाची छोटी डबी, त्यावर नारिंगी अक्षरं, चार खुंट्या. एक आवाजाच्या पातळीची, एक खर्जाची, एक तार स्वरांची, एक डिस्टॉर्शनची. शहाणा माणूस या खुंट्या मध्यावर ठेवेल. एन्टुम्ब्ड या बँडच्या पोरांनी चारही उजवीकडे टोकापर्यंत फिरवल्या. लाकडाच्या वखारीत करवत फळीत शिरताना जसा आवाज होतो, तसा गिटारचा आवाज झाला. त्यांचा 1990 चा अल्बम ‘लेफ्ट हँड पाथ’ तोच. पेडल 1983 मध्ये बाजारात आलं होतं आणि 1991 मध्ये कंपनीने बंद केलं. पण जगभरचे बँड जुनी पेडलं शोधत राहिले. शेवटी 2020 मध्ये कंपनीनेच ते नव्याने काढलं.

गोथेनबर्गची तऱ्हा निराळी. वेग आणि ग्रोल तेच, पण दोन गिटारी मिळून गुणगुणता येईल अशी चाल वाजवतात. लोकगीताची हुरहुर त्या चालीत असते. अ‍ॅट द गेट्स, डार्क ट्रँक्विलिटी आणि इन फ्लेम्स हे त्रिकूट यात आलं, आणि त्यांचं बरंचसं ध्वनिमुद्रण फ्रेड्रिक नॉर्डस्ट्रोमच्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये झालं. सगळे एकमेकांच्या ओळखीचे. इतके की डार्क ट्रँक्विलिटीचा पहिला गायक आंदेर्स फ्रिडेन नंतर इन फ्लेम्समध्ये गेला, आणि इन फ्लेम्सच्या 1994 च्या पहिल्या अल्बमवर गायलाय मिकाएल स्टाने, म्हणजे डार्क ट्रँक्विलिटीचा माणूस.

द हॅलो इफेक्ट हा नवा बँड आहे का?

नाव नवं, माणसं मुरलेली. येस्पर स्ट्रोम्ब्लाड, निक्लास एंगेलिन, पेटर इव्हेर्स आणि डॅनिएल स्व्हेन्सन हे चौघंही कधी ना कधी इन फ्लेम्समध्ये होते. त्यांच्यासोबत गायला पुन्हा तोच मिकाएल स्टाने. 2022 ला ‘डेज ऑफ द लॉस्ट’ आणि 10 जानेवारी 2025 ला ‘मार्च ऑफ द अनहर्ड’. जुन्या मित्रांनी एकत्र येऊन जुनंच वाजवलं अशी टीका मी ऐकली आहे. मला ती पटत नाही. विशीत त्यांच्या चालींमध्ये घाई होती. आता ती चाल पूर्ण फुलू देतात, मग पुढे जातात.

या स्टानेचा उत्साह बघा. ऑगस्ट 2024 मध्ये डार्क ट्रँक्विलिटीचा ‘एंडटाइम सिग्नल्स’, ऑक्टोबरमध्ये फिनलंडच्या वादकांसोबत सेमेटरी स्कायलाइनचा ‘नॉर्डिक गॉथिक’, आणि जानेवारीत हा. सहा महिन्यांच्या आत तीन अल्बम, तीन वेगळे बँड. ‘नॉर्डिक गॉथिक’वर तो साध्या गळ्याने गातो. त्याचा खरा आवाज किती मायाळू आहे ते तिथे कळतं.

माझी मुलगी घोस्ट ऐकते. तोंडाला कवटीसारखा रंग, अंगात पोपसारखे कपडे. काळजी करू का?

हा प्रश्न आयांकडून सर्वांत जास्त येतो आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. घोस्ट म्हणजे लिंशोपिंग गावच्या टोबियास फोर्गे या माणसाने उभं केलेलं एक नाटक आहे. चर्चची सगळी सजावट घ्यायची आणि उलटी करायची. मुख्य पात्र म्हणजे उलटा पोप. ते दर एक-दोन अल्बमनंतर बदलतं. सध्याचं पात्र पापा व्ही पर्पेचुआ. बाकीचे वादक मुखवट्यात आणि बिननावाचे. बरीच वर्षं फोर्गेने स्वतःचं नावही लपवलं होतं. माजी वादकांनी केलेल्या खटल्यामुळे 2017 मध्ये ते उघड झालं.

आणि हे सगळं बाजूला सारून नुसती गाणी ऐकलीत तर तुम्हाला ऐंशीच्या दशकातलं सुरेल रॉक ऐकू येईल. ‘स्केलेटा’ हा सहावा अल्बम 25 एप्रिल 2025 ला आला. त्यातलं ‘लाक्रिमा’ तर निव्वळ विरहगीत आहे. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या अल्बमयादीत तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला. हार्ड रॉकच्या अल्बमला हे स्थान 2020 मधल्या एसी/डीसीच्या अल्बमनंतर पहिल्यांदाच मिळालं. पहिल्या आठवड्यातला खप 86 हजारांच्या आसपास, आणि त्यात विनाइलच्या तबकड्यांचा वाटा मोठा. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांची मुलं खिशातले पैसे जमवून तबकड्या घेतायत. त्या दौऱ्यात प्रेक्षकांचे फोन कुलूपबंद पिशवीत ठेवायला लावले होते. दोन तास पोरांच्या हातात फोन नाही, नजर स्टेजवर. मला तरी ही चांगली बातमी वाटते.

तेव्हा मुलीसोबत बसून एक गाणं ऐका आणि तिलाच अर्थ विचारा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चर्च जाळण्याचे जे प्रकार ऐकिवात आहेत ते मुख्यतः नॉर्वेतल्या एका छोट्या टोळक्याचे. त्यांचा घोस्टशी संबंध नाही.

साबाटॉन फक्त लढायांवर गाणी करतात हे खरं का?

बहुतांशी खरं. फालुन गावचा हा बँड मुख्यतः इतिहास गातो. 17 ऑक्टोबर 2025 ला आलेल्या ‘लेजेंड्स’मध्ये अकरा गाणी आहेत. चंगीझ खान, ज्यूलियस सीझर, आल्प्स ओलांडणारा हॅनिबल, जोन ऑफ आर्क, जपानी तलवारबाज मियामोतो मुसाशी, चिनी सेनापती ल्यू बू, नेपोलियन, आणि इजिप्तचा फेरो तिसरा सेनुस्रेतसुद्धा. शेवटचं ‘टिल सेगेर’ स्वीडिशमध्ये आहे, राजा दुसरा गुस्ताव्ह आडॉल्फवर.

पोवाड्यावर वाढलेल्या कानाला साबाटॉन चटकन आपलासा वाटतो. ठेका कुचाचा, धृपदाला सगळ्यांनी साथ द्यायची, मधे थांबून प्रसंग सांगायचा. ‘द ग्रेट वॉर’ या 2019 च्या अल्बमची त्यांनी एक आवृत्ती अशीही काढली की प्रत्येक गाण्याआधी निवेदक त्या लढाईची हकिकत सांगतो. शाहीर गाणं थांबवून गद्यात बोलतो, तेच. इतिहासाचा एक खास यूट्यूब चॅनेलही त्यांनी 2019 पासून चालवला.

‘महाराजांवर गाणं आहे का?’ हे मला दर वेळी विचारलं जातं. ‘लेजेंड्स’मध्ये भारतातली एकही व्यक्ती नाही. प्रतापगडाचा प्रसंग त्या ठेक्यावर कसा वाजेल याचा विचार मीही केलाय.

माझं मत विचाराल तर ‘लेजेंड्स’ त्यांचा सर्वोत्तम नाही. काही गाणी एकाच साच्यातली आहेत. 2012 चा ‘कारोलुस रेक्स’ आधी ऐका, आणि स्वीडिश आवृत्तीच ऐका. राजा बारावा चार्ल्स आपल्या भाषेत बोलतो तेव्हा त्याचा अहंकार जास्त खरा वाटतो.

ब्लूज तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं. स्वीडनमध्ये ते कुठून आलं?

तबकड्या, रेडिओ आणि दौऱ्यावर येणारे अमेरिकी कलाकार यांच्यामार्फत. पण स्वीडनने ते नुसतं ऐकलं नाही, अभ्यासलं. ‘जेफर्सन’ नावाचं ब्लूजला वाहिलेलं स्वीडिश नियतकालिक 1968 पासून निघतंय. नाव ब्लाइंड लेमन जेफर्सन या टेक्ससच्या अंध गायकावरून. एवढ्या छोट्या देशात, एका दूरच्या समाजाच्या संगीतावर, इतकी वर्षं चाललेलं नियतकालिक.

आणि पेप्स पेर्सन. हा माणूस दक्षिणेतल्या स्कोने प्रांताचा. 1972 मध्ये शिकागोला जाऊन तिथल्या वादकांसोबत त्याने अल्बम केला. परत आल्यावर मात्र तो आपल्या बोलीत गाऊ लागला. प्रमाण स्वीडिशही नाही, स्कोनेची शेतकरी बोली. ब्लूज, पुढे रेगे, सगळं त्या बोलीत. 2021 मध्ये तो गेला. मालवणीत किंवा अहिराणीत गाणाऱ्या माणसाला ‘जरा शुद्ध गा की’ असा सल्ला मिळतो तेव्हा मला पेप्स आठवतो. त्याला कुणाची परवानगी लागली नाही.

मग आजचं स्वीडिश ब्लूज-रॉक कोणतं ऐकू?

ब्लूज पिल्सपासून सुरुवात करा. बँड ओरेब्रूचा. एलिन लार्सन गाते. तिचा आवाज छातीतून येतो आणि वर चढताना किंचित फाटतो, ती फाट ती लपवत नाही. ‘बर्थडे’ 2 ऑगस्ट 2024 ला आला. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ती गरोदर होती, त्यावरून हे नाव. आधीच्या अल्बमांपेक्षा गाणी आटोपशीर आहेत. लांबलचक गिटारवादन कमी झालं म्हणून काहीजण नाराज झाले. मी नाही झालो. गाणं तीन मिनिटांत सांगून होत असेल तर सातवं मिनिट कशाला?

त्याच ओरेब्रूचा विचक्राफ्ट. मॅग्नस पेलान्डर हा त्याचा कर्ताधर्ता. मे 2025 मध्ये ‘इडाग’ आला. शब्दाचा अर्थ ‘आज’, आणि अल्बम बहुतांश स्वीडिशमध्ये. जुनाट अ‍ॅम्प्लिफायरची ऊब त्यात आहे, मधे नुसत्या गिटारीवरची लोकगीतासारखी गाणी आहेत. पावसाळी संध्याकाळी लावा.

गोथेनबर्गच्या ग्रेव्हयार्डचा ‘6’ 2023 चा आहे, म्हणजे अगदी नवा नाही, पण या यादीतून मी त्याला वगळू शकत नाही. 2011 च्या ‘हिसिंगेन ब्लूज’मध्ये ते भडकून वाजवायचे. हिसिंगेन हे गोथेनबर्गमधलं गोदी-कारखान्यांचं बेट. ‘6’मध्ये तीच माणसं हळू, खालच्या पट्टीत वाजवतात.

आणि अस्सल ब्लूज हवं असेल तर एरिक बिब. जन्म न्यूयॉर्कचा, पण मुक्काम अनेक वर्षं स्टॉकहोमला. 2024 चा ‘इन द रिअल वर्ल्ड’ म्हणजे एक गिटार आणि एक शांत गळा, बाकी पसारा बेताचा.

मला सुरेल, जुन्या वळणाचं हार्ड रॉक आवडतं. काय नवं?

भरपूर. 31 जानेवारी 2025 या एकाच शुक्रवारी दोन आले. द हेलाकॉप्टर्सचा ‘ओव्हरड्रायव्हर’ आणि द नाइट फ्लाइट ऑर्केस्ट्राचा ‘गिव्ह अस द मून’. हेलाकॉप्टर्सचा निक्के आंदेरसन म्हणजे ‘लेफ्ट हँड पाथ’वर ड्रम वाजवणाराच. करवतीच्या आवाजातून उठून त्याने 1994 मध्ये गिटार गळ्यात अडकवली आणि रॉक अँड रोल गाऊ लागला. नाइट फ्लाइटमध्ये सोइलवर्क या मेटल बँडचा ब्योर्न स्ट्रीड गातो. त्यांचा एक संस्थापक, गिटारवादक डेव्हिड आंदेरसन 2022 मध्ये वारला. त्यानंतरचा हा पहिला अल्बम. इतकं आनंदी संगीत एवढ्या दुःखानंतर येऊ शकतं याचं मला फार अप्रूप वाटतं.

नेस्टरची गोष्ट तर सांगायलाच हवी. फाल्शोपिंग या लहान गावातल्या पोरांनी 1989 मध्ये बँड केला. मग सगळे आपापल्या वाटेने गेले. 2021 मध्ये, पन्नाशीच्या आसपास, त्यांनी ‘किड्स इन अ घोस्ट टाउन’ काढला आणि तो चालला. मे 2024 अखेर दुसरा आला, ‘टीनेज रेबेल’. कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवणारे आणि आता बँकेत, शाळेत नोकरी करणारे माझे तीन मित्र हा अल्बम ऐकून पुन्हा रविवारी एकत्र बसू लागलेत.

एच.ई.ए.टी.चा ‘वेलकम टु द फ्यूचर’ही ‘स्केलेटा’च्याच दिवशी आला. एक्लिप्सचा ‘मेगालोमेनियम 2’ सप्टेंबर 2024 चा. थंडरमदर हा बायकांचा बँड. 2023 मध्ये तो फुटला, गिटारवादक फिलिप्पा नेसिलने नाव राखलं आणि बाकी तिघींनी द जेम्स हा बँड काढला. 2025 च्या पहिल्या तिमाहीत दोन्हींचे अल्बम आले: ‘डर्टी अँड डिव्हाइन’ आणि ‘यिअर ऑफ द स्नेक’. बाजू घेण्यापेक्षा दोन्ही ऐका. मला जेम्सची गाणी किंचित जास्त भावली.

लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर. तरी इतके बँड कसे?

थंडी आणि अंधार हे ठरलेलं उत्तर. पण थंडी तर लडाखमध्येही असते. खरं कारण मला तालमीच्या खोलीत दिसतं.

स्वीडनमध्ये 1940 च्या दशकापासून नगरपालिकांच्या संगीतशाळा वाढत गेल्या. आज त्यांना संस्कृतीशाळा म्हणतात. मुलाला अल्प फीमध्ये शिक्षक मिळतो, बऱ्याचदा वाद्यही. हे झालं बालपण. पुढे वयात आल्यावर लोकशिक्षणाच्या अभ्याससंस्था कामी येतात. चार मित्रांनी बँड काढला की ते ‘अभ्यासमंडळ’ म्हणून नोंदणी करतात, किती तास तालीम केली ते लिहून देतात, आणि संस्था त्यांना जागा, कधी ड्रम आणि अ‍ॅम्प्लिफायर पुरवते. संस्थेला सरकारी अनुदान मिळतं. म्हणजे चौदा वर्षांच्या पोरांच्या गोंगाटाला सरकारदरबारी शिक्षणाचा दर्जा. फ्लॅटच्या भिंतीपलीकडून ‘आवाज बंद करा’ ऐकत ड्रम शिकलेल्या कुणालाही याची किंमत कळेल.

2024 पासून मात्र तिथल्या सरकारने या अनुदानाला टप्प्याटप्प्याने मोठी कात्री लावली आहे. ही बातमी मला एखाद्या बँडच्या फुटीपेक्षा जास्त बोचली. आज ज्यांचे अल्बम आपण वाखाणतोय ते तीस वर्षांपूर्वीच्या खोल्यांतून आलेत.

कोण कुठल्या बँडमधून गेलं?

काटाटोनियातून आंदेर्स न्युस्ट्रोम मार्च 2025 मध्ये बाहेर पडला. तो आणि योनास रेन्क्से यांनी मिळून हा बँड सुरू केला होता. जूनमध्ये आलेला ‘नाइटमेअर्स अ‍ॅज एक्स्टेन्शन्स ऑफ द वेकिंग स्टेट’ हा त्याच्याविना झालेला पहिला अल्बम. उदास आहे, सुंदर आहे, पण दुसऱ्या गिटारीची जागा मला रिकामी वाटते. आर्च एनिमीची गायिका अलिसा व्हाइट-ग्लुझ मार्चमधल्या ‘ब्लड डायनेस्टी’नंतर नोव्हेंबर 2025 मध्ये बाजूला झाली. साबाटॉनमध्ये गिटारवादक थोब्बे एंग्लुंड 2024 मध्ये परत आला.

मेशुगा बँड आणि गिटारवादक माल्मस्टीन यांचं नवं काय?

उमेओच्या मेशुगाचा शेवटचा स्टुडिओ अल्बम ‘इम्म्युटेबल’, 1 एप्रिल 2022 चा. त्यांचे ताल हातावर मोजायला जाल तर एक युक्ती: झांजेकडे लक्ष ठेवा, ती बहुतेकदा साधे चार मोजत असते आणि गिटार त्यावरून घसरत जाऊन पुन्हा समेवर येते. तबला शिकलेल्यांना हे लगेच उमगतं. इंग्वे माल्मस्टीनचा 2025 मध्ये ‘टोकियो लाइव्ह’ आलाय.

ही नावं उच्चारायची कशी?

देवनागरीत सोपं पडतं. इंग्रजी ए वर छोटं वर्तुळ असलेलं स्वीडिश अक्षर म्हणजे साधारण आपला ‘ओ’. म्हणून ओकरफेल्ट, उमेओ. दोन टिंबांची अक्षरं शोभेची नाहीत, वर्णमालेच्या शेवटी येणारी स्वतंत्र अक्षरं आहेत. गोथेनबर्गला तिथले लोक ‘योतेबोरी’च्या जवळपास म्हणतात.

नवे अल्बम शुक्रवारीच का येतात, आणि घ्यायचे कुठून?

10 जुलै 2015 पासून जगभर प्रकाशनाचा वार शुक्रवार ठरलाय. स्ट्रीमिंगवर बहुतेक वेळा आपल्याकडे गुरुवारची मध्यरात्र उलटली की अल्बम दिसू लागतो.

स्ट्रीमिंगवर ऐका, पण मनापासून आवडलेला एक तरी अल्बम विकत घ्या. बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतून कंपनी साधारण 15 टक्के घेते. ‘बँडकॅम्प फ्रायडे’ असेल त्या दिवशी तो वाटाही सोडते. लहान बँडांसाठी हा मार्ग सर्वांत सरळ. विनाइल परदेशातून मागवताना पाठवणावळ आणि सीमाशुल्क धरून हिशोब करा. माझी एक तबकडी कुरिअरमधून मधोमध वाकून आली होती. तेव्हापासून मी विक्रेत्याला आधीच कळवतो की तबकडी कव्हरबाहेर काढून वेगळी ठेवा आणि दोन्हीकडे जाड पुठ्ठा लावा. बरेचजण ऐकतात. युरोपातून कुणी घरी येणार असेल तर चार-पाचजणांनी मिळून त्यांच्या पत्त्यावर मागवणं सर्वांत स्वस्त.

स्वीडन रॉक फेस्टिव्हलला जायचंय. कसं जमेल?

हा महोत्सव 1992 पासून चालू आहे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दक्षिणेतल्या सोल्व्हेसबोरीजवळ नॉर्ये गावी भरतो. स्टॉकहोमला उतरू नका. कोपनहेगनच्या विमानतळावरून पूल ओलांडून माल्मोमार्गे सोल्व्हेसबोरीला जाणारी रेल्वे मिळते. शेंगेन व्हिसाचा अर्ज महिनोन्महिने आधी टाका, उन्हाळ्यात तारखा मिळत नाहीत. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो पण समुद्राकडून वारा येतो, स्वेटर हवाच. तिथे हार्ड रॉक, ब्लूज आणि मेटल एकाच मैदानात ऐकायला मिळतं, आणि आजी-आजोबा नातवंडांना खांद्यावर घेऊन पुढे उभे असतात.

टोमास लिंडबेरी गेला. त्याचं काय ऐकू?

अ‍ॅट द गेट्सचा गायक टोमास लिंडबेरी 16 सप्टेंबर 2025 ला कर्करोगाने गेला. वय 52. गायनासोबत तो शाळेत शिकवायचाही. ज्याचा आवाज ऐकून अमेरिकेतल्या एका पिढीने बँड काढले, तो माणूस दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यासमोर उभा असायचा.

1995 चा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ आधी ऐका. अर्ध्या तासाहून थोडाच मोठा आहे. लिंडबेरी ग्रोल करत नाही, किंचाळतो, आणि त्या किंचाळण्यात शब्द स्पष्ट कळतात, कारण त्याला ते तुमच्यापर्यंत पोचवायचे असतात. मग 2021 चा ‘द नाइटमेअर ऑफ बीइंग’ लावा. त्यात मध्येच सॅक्सोफोन येतो आणि तो क्षणभर गप्प राहतो.